बहरीन पार्टीचा जवाब

परवा शेरलचा कॅनडाहून मेसेज आला. ज्या दोन बँडांपायी आम्ही दोघी शाळेत असताना एकमेकींच्या जिवावर उठलो होतो, त्यांतल्या एका बँडचे भाऊ म्हणे पुन्हा एकत्र आलेत, मोठमोठ्या मैदानांत गाणार आहेत, आणि आमच्या शाळेच्या ग्रुपमधली अर्धा डझन माणसं विमानाची तिकिटं काढून तिकडे निघाली आहेत. ही माणसं मला चांगली ठाऊक आहेत. एकाने गुडघा बदलून घेतलाय, एकीला दोन जिने चढले की बसावं लागतं, एक जण बँकेत इतक्या वर चढलाय की त्याला गेल्या दहा वर्षांत कोणी 'नाही' म्हटलेलं नाही. ही मंडळी मैदानात उभी राहून, हात वर करून, आपण सोळा वर्षांचे आहोत असं स्वतःला पटवणार. 'तू येणार ना?' असं शेरलनं विचारलंय आणि खाली रडक्या चेहऱ्यांची रांग लावली आहे. मी अजून उत्तर दिलेलं नाही. उत्तरं उशिरा देणं हा माझा जुना दोष आहे, आणि हे प्रकरण त्या दोषाबद्दलच आहे.

त्या बँडांची नावं मी इथे लिहिणार नाही. त्यांची पुरेशी जाहिरात झालेली आहे. ओळखीपुरतं एकाला लंडनवाले म्हणू आणि दुसऱ्याला उत्तरेवाले. लंडनवाले म्हणजे बऱ्या घरची, कॉलेजात शिकलेली पोरं, पण गाताना मंडईत भाजी विकल्यासारखा आवाज काढायची. उत्तरेवाले म्हणजे दोन भाऊ आणि त्यांच्या मागे उभे राहणारे काही जण, ज्यांची नावं त्यांच्या आयांनाच पाठ असतील. हे भाऊ गाण्याइतकेच भांडणांसाठी प्रसिद्ध होते. गिटारचे तीन-चार कॉर्ड, त्यांवर कशाचा कशाला पत्ता नसलेल्या ओळी, आणि चेहऱ्यावर असा भाव की जगावर उपकार चाललेत. मधेच दोघांनी एकाच आठवड्यात गाणं बाजारात आणलं आणि कोणाचं जास्त खपतं यावरून तिकडे म्हणे घराघरांत तट पडले. तिकडच्या लोकांचं मी समजू शकते, त्यांना त्या हवेत दुसरा उद्योग काय असणार. पण बहरीनमध्ये, जिदहफ्सच्या एका खुबूस, म्हणजे अरबी रोट्या, भाजणाऱ्या भट्टीच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या, मूळच्या नागपूरकडच्या मुलीला त्यात बाजू घ्यायचं काय नडलं होतं? मी घेतली. उत्तरेवाल्यांची. शेरलनं लंडनवाल्यांची घेतली, कारण मी उत्तरेवाल्यांची घेतली होती.

शेरल आमच्याच इमारतीत वर राहायची. तिच्या घरचे वसईचे ख्रिस्ती, डॅडी मनामातल्या एका हॉटेलात. इंग्रज पाहुणे खोल्यांमध्ये विसरून गेलेली संगीताची मासिकं ते घरी आणायचे, दोन-दोन महिने जुनी, कधी कॉफी सांडलेली. ती आम्ही ज्या भक्तीने वाचायचो ती भक्ती अभ्यासाला लावली असती तर आज मी कोणीतरी असते. कुठला भाऊ कुठल्या भावाला काय म्हणाला हे आम्हाला तोंडपाठ. शाळेच्या बसमध्ये डाव्या हाताला लंडनवाले बसायचे आणि उजव्या हाताला उत्तरेवाले, मधल्या मोकळ्या जागेतून दप्तरं आणि शिव्या उडायच्या. केरळची, गोव्याची, पुण्याची, लखनौची पोरं, आणि सगळी बोलताना शब्दांचे शेवट गिळायची, कारण मासिकात तसं छापलेलं असायचं. ते उच्चार आम्ही कधी कोणा माणसाच्या तोंडून ऐकलेच नव्हते. छापील उच्चारांची नक्कल करणारी जमात होती आमची.

उत्तरेवाल्यांची बाजू मी का घेतली याचं कारण मी त्या वेळी अगदी छाती पुढे काढून सांगायचे. ते कामगारांच्या घरातले, कष्टाचे, खरे. लंडनवाले नुसते सोंगाडे. माझ्या पलंगाशेजारी भिंतीवर त्या कामगारपुत्रांचं मासिकातून कापलेलं चित्र होतं. आणि त्याच भिंतीच्या पलीकडे माझे बाबा राहत होते, जे तुबलीच्या एका वर्कशॉपमध्ये दिवसभर एसीचे कॉम्प्रेसर खोलायचे. संध्याकाळी ते आले की मी त्यांना माझ्या वह्यांना हात लावू द्यायचे नाही, काळे डाग पडतात म्हणून. 'डोन्ट टच, बाबा.' ते हात मागे घ्यायचे. तीन वेळा साबणाने धुतलेले ते हात लुंगीला पुसून म्हणायचे, "नाही लावत व माय." आईबाबा माझ्याशी वऱ्हाडी मराठीत बोलायचे आणि मी इंग्रजीत उत्तरं द्यायचे. मला त्यांचं सगळं कळत होतं, त्यांना माझं निम्मं कळत असावं. या वाटणीचं कोणालाच काही वाटत नव्हतं, आमच्या इमारतीत घरोघरी तेच चालायचं. गिटारही बाबांनीच आणून दिली होती. शेरलच्या डॅडींच्या हॉटेलात वाजवणारा एक फिलिपिनो माणूस कायमचा परत चालला होता, त्याच्याकडून. पोरीला वाजवायचंय एवढंच त्यांना ठाऊक होतं, काय वाजवायचंय ते त्यांनी विचारलं नाही.

आमच्या घरात वाजवण्याला मान होता, हे आधी सांगायला हवं. शुक्रवारी सुट्टी. सकाळी खालच्या भट्टीतून गरम खुबूसचा वास वर यायचा, त्यात आईच्या पाटवडीच्या रश्श्याच्या फोडणीचा वास मिसळायचा, आणि दोन्ही वास मिळून पडद्यांत कायमचे जाऊन बसलेले असायचे. बाबा आंघोळ करून पांढरा सदरा घालत. वंदना झाली की खिडकीतला एसी बंद करत, कारण पेटीचा आवाज नीट लागायला हवा, आणि मग घामाच्या धारा पुसत सगळे बसायचे. हिद्दहून मेश्रामकाका यायचे. ते एका गोदामात कारकून होते. ढोलकी त्यांना बहरीनला आणता आली नव्हती, म्हणून ते खजुराचा मोठा पत्र्याचा डबा वाजवत, आणि तो कधी पूर्ण रिकामा नसे, कारण वाजवता वाजवता ते त्यातला खजूर खात. नागपूरहून आणलेली बाबांची पेटी जुनी होती. भात्याला भोक पडलं होतं. सूर लांबवला की तो मधेच धाप लागल्यासारखा खाली बसायचा आणि बाबा त्याच्याबरोबर मान खाली नेऊन पुन्हा वर आणायचे. मी आतल्या खोलीत कानांवर उशी दाबून पडलेली असायचे.

नागपूरच्या आमच्या वस्तीत बाबांची आणि त्यांच्या थोरल्या भावाची, म्हणजे माझ्या मोठेबाबांची, गायनपार्टी होती. मोठेबाबा गायचे, बाबा पेटीवर आणि गाणी लिहायलाही बाबाच. भीमजयंतीच्या दिवसांत दोन पार्ट्यांचा सामना लागायचा. समोरासमोर दोन स्टेज, एका पार्टीने गाण्यात सवाल टाकायचा, दुसरीने तिथल्या तिथे गाण्यात जवाब द्यायचा. त्यात एकमेकांची टर उडवायची, घर, गाव, गळा, कशालाही सोडायचं नाही, आणि पहाट झाली की दोन्ही पार्ट्या एकाच पंगतीला जेवायला. टर खाल्ली म्हणून कोणी रुसायचं नाही, पण सवाल आला आणि जवाब दिला नाही तर मात्र ती पार्टी हरली. हे सगळं मला बाबांनी लहानपणी इतक्या वेळा सांगितलं होतं की मी ते ऐकणं सोडून दिलं होतं. मी जन्मले त्या वर्षी बाबा पेटी घेऊन इकडे आले आणि वस्तीतली पार्टी पेटीवाचून राहिली. बाबांना तिच्याशी सांधणारी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे कॅसेट. दरवर्षी जयंतीच्या आधी बाबा नवं गाणं लिहायचे, टेपवर भरायचे, आणि लीव्हवर जाणाऱ्या कोणाच्या तरी हाती ते नागपूरला जायचं. मोठेबाबा ते बसवायचे आणि जयंतीला वस्तीसमोर गायचे, 'हे आमच्या बहरीनच्या भावाचं' असं सांगून. बाबांचं नाव तिथे वर्षातून एकदा माइकवरून घेतलं जायचं. बाबा वर्षभर त्या एका दिवसासाठी जगायचे असं मी आज म्हणते. तेव्हा म्हणायचे, ही इज सो एम्बॅरसिंग.

कॅसेटची एक रीत होती. पहिल्या बाजूला गाणं. दुसऱ्या बाजूला आई बोलायची, तिकडच्या बायकांसाठी: पोरीची उंची, मसाला संपला, कोणाचं बाळंतपण कसं झालं. त्यामुळे नागपूरला पहिली बाजू पुरुष ऐकायचे आणि दुसरी बाजू झाडून सगळ्या बाया, मोठेबाबांच्या अंगणात, टेपचा आवाज पूर्ण वाढवून.

त्या वर्षी आईचा घसा बसला होता. बाबांनी शुक्रवारी गाणं भरलं आणि दुसरी बाजू कोरी राहिली. मेश्रामकाका अजून दहा दिवसांनी जाणार होते, तोवर आईचा आवाज सुटेल असा हिशेब. कॅसेट टेपमध्येच होती. मंगळवारी आई बाजारात गेलेली असताना शेरल खाली आली आणि आम्ही आमचा लाडका खेळ सुरू केला, रेडिओ स्टेशनचा. आम्ही निवेदक व्हायचो, गिळलेल्या उच्चारांत दोन्ही बँडांची मुलाखत घ्यायचो, एकमेकींच्या बँडला झोडपायचो. मी कॅसेट उलटवली आणि बटण दाबलं. नंतर पुसता येईल, आईच्या आवाजाखाली आपोआप पुसलं जाईल, असा साधा विचार. वीस मिनिटं आम्ही त्या दोन भावांच्या भांडणावर चर्चा केली, मंत्रिमंडळ कोसळल्यासारखी. मग शेरल म्हणाली की आता तिसरा स्पर्धक आण, आणि मी म्हटलं, लेडीज अँड जंटलमन, थेट नागपूरहून! आणि बाबांची नक्कल सुरू केली. नाकातला आवाज, लांबवलेला सूर, मधेच बसणारा भाता, सगळं. शब्दही माझेच होते, जागच्या जागी सुचलेले:

पेटी माही म्हातारी, खोकलते घडीघडी,
मेश्राम वाजवे डबा अन् खजूर खाये थोडी थोडी,
गाये माहा बाबा जसा बिघडलेला एसी,
घरघर ऐकून पळून गेले सारे परदेसी!

शेरल हसून हसून पलंगावरून खाली पडली. माझ्या उभ्या आयुष्यात मी मराठीत केलेली ती पहिली रचना. एवढंच कबूल करते की यमकं जुळली होती.

बुधवारी शाळेतून आले तर टेप रिकामा. आई भांडी घासत होती. मी कॅसेटचं विचारलं. "मेश्राम घेऊन गेला," आई बसक्या आवाजात म्हणाली. "त्याची सीट आजचीच कन्फर्म झाली. आला, चहा बी नाही पेला, यल्ला यल्ला करत घेऊन गेला. माहं बोलनं त राहूनच गेलं बघ." बाबांनी आपल्या वळणदार अक्षरात 'जयंती, नवीन' असं आधीच लिहून ठेवलेल्या पाकिटात घालून, कडांना चिकटपट्टी लावून आईने ती दिली होती. मी आतल्या खोलीत जाऊन उत्तरेवाल्यांच्या चित्रासमोर बसले. मला सगळं दिसत होतं. अंगण, बाया, पूर्ण वाढवलेला आवाज. मोठेबाबांची मुलगी विशाखाताई तेव्हा इंग्रजी घेऊन बीए करत होती, म्हणजे इंग्रजी भागसुद्धा कोणाला कळायचा राहणार नव्हता. आपल्या लेकीने परदेशात बसून आपल्या बापाची आणि त्याच्या पेटीची अब्रू काढली, हे बाबांच्या भावाला बाबांच्याच कॅसेटवरून कळणार होतं. त्यानंतर कोण त्यांचं गाणं गाणार आणि कोण माइकवरून नाव घेणार? मी बाबांना सांगायला हवं होतं. ट्रंक कॉल करता आला असता, पुढच्या माणसाबरोबर चिठ्ठी पाठवता आली असती. मी काहीच केलं नाही. शेरलला तेवढं सांगितलं, ती म्हणाली, 'खलास! यू आर डेड,' आणि लंडनवाल्यांची नवी कॅसेट दाखवायला लागली.

मेश्रामकाका दीड महिन्याने परतले. तो दीड महिना मी घरात इतकी गुणी वागले की आईने मला काही होतंय का म्हणून कपाळाला हात लावून पाहिला. बाबांच्या पेटीवरची धूळसुद्धा मी पुसली. ते त्या दिवसांत फार खूश असायचे. जयंतीच्या दिवशी वर्कशॉपमधून लवकर येऊन त्यांनी मिठाई आणली आणि घड्याळाकडे बघून म्हणाले, "आता दादा स्टेजवर चढला असन." मी मिठाई खाल्ली. निर्लज्जपणाची चव खवा आणि वेलचीची असते हे मला तेव्हा कळलं.

शुक्रवारी मेश्रामकाका आले ते पिशव्या घेऊनच. सांडगे, लाल तिखट, विशाखाताईने विणलेला रुमाल, आणि एक कॅसेट. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते नुसते गालातल्या गालात चघळत राहिले. मला वाटलं खजूरच असेल. बाबांनी एसी बंद केला. मी म्हटलं, मला अभ्यास आहे. बाबा म्हणाले, "बस न व पाच मिनिटं. मोठेबाबाचा आवाज हाये." मी दाराला टेकून उभी राहिले, पळायला सोपं जावं म्हणून.

आधी मोठेबाबांचा खणखणीत जयभीम. मग सगळ्यांची खुशाली. मग बाबांचं गाणं, पूर्ण, ढोलकी-मंजिऱ्यांसकट, वस्तीच्या टाळ्यांसकट. बाबा डोळे मिटून मांडीवर बोटं चालवत होते. मला जरा श्वास घेता आला. आणि मग टाळ्या थांबल्यावर मोठेबाबा माइकवरून म्हणाले, "आता मंडळी, शांत राहा. यंदा समोरच्या स्टेजवर पार्टी नाही, पन सवाल आला हाये. बहरीन पार्टीनं सवाल टाकला. पार्टीची गायिका हाये माह्या लहान्या भावाची पोरगी. सवाल कडक हाये, लपवत नाही. आईका."

आणि त्यांनी माझी नक्कल गायली. माझ्या चारही ओळी, शब्दाला शब्द. पण मी जिथे नाकातून रडगाणं काढलं होतं तिथे त्यांनी अशी चाल लावली होती की मागून तीस-चाळीस माणसांचा कोरस उसळत होता, 'पेटी माही म्हातारी', आणि ढोलकी ते उचलून धरत होती. माझ्याच ओळी मला पहिल्यांदा गाण्यासारख्या ऐकू आल्या. बाबांनी डोळे उघडले होते. ते माझ्याकडे बघत नव्हते, टेपकडे बघत होते. बिघडलेल्या एसीची ओळ आली तेव्हा त्यांचा हात मांडीवर होता तसाच थांबला. आईने पदर तोंडाला लावला.

"अन् मंडळी," कोरस थांबल्यावर मोठेबाबा म्हणाले, "त्या टेपवर दोन गोरे भाऊ हायेत म्हनते, पेपरात भांडून राह्यले. आमच्या विशाखानं सांगतलं. त्याईले माहा निरोप द्या बापा. भांडाचं असन त स्टेजवर या, सवाल टाका, जवाब घ्या. पेपरात कायले भांडता? गायाले येत नाही का?"

वस्ती खो-खो हसली. जगातल्या सगळ्या मासिकांनी मिळून जे लिहिलं नाही ते एका माणसाने नागपूरच्या एका वस्तीत, माइक हातात धरून सांगून टाकलं होतं. मग ढोलकीने ठेका बदलला आणि जवाब आला.

समुद्रापार बसली पोर, गार हवेत हासली,
बापाच्या पेटीची धाप तिले काऊन डसली?
ज्या हातानं पेटी धरली, त्यानंच पाना धरला,
सांग पोरी, पेटीवाला कोनापायी हरला?

शेवटची ओळ कोरसने तीनदा उचलली. कोनापायी हरला, कोनापायी हरला. मग मोठेबाबा गाणं थांबवून साध्या आवाजात म्हणाले, "जवाब भी दिला अन् सवाल भी टाकला. बहरीन पार्टीले वेळ देतो. जयभीम." आणि कॅसेट खटकन थांबली.

मेश्रामकाकांनी तोंडातलं गिळलं. "खजूर खातो हे मात्र खरं हाये," ते म्हणाले. कोणी हसलं नाही. मी इंग्रजीत काहीतरी पुटपुटले, आय वॉज जस्ट, असं काहीतरी, जे कोणत्याच भाषेत पूर्ण होणार नव्हतं. बाबांनी हात वर करून मला थांबवलं. मला वाटलं आता मारतील. त्यांनी कधीच मारलं नव्हतं, पण मला वाटलं. ते म्हणाले, "यमक चांगलं जुळवलं तू." मग, "सवाल तुले हाये, मले नाही. मी लिहून देनार नाही. जवाब तुले द्या लागंल." आणि उठून एसी चालू केला. बस, एवढंच. रागावले असते तर मी रुसले असते, भांडले असते, दार आपटलं असतं, या सगळ्याची मला मासिकं वाचून चांगली तालीम होती. पण त्यांनी मला पार्टी मानलं होतं, आणि त्याच्यावर काय करायचं हे कुठल्याच मासिकात छापलेलं नव्हतं.

जवाब एका शब्दाचा होता. तो मला मेश्रामकाका चप्पल घालून बाहेर पडायच्या आत कळला होता. माझ्यापायी. इंग्रजी शाळेपायी, वह्यांपायी ज्यांना काळे हात लावायचे नाहीत, फिलिपिनो माणसाच्या गिटारपायी. पण तो गाण्यात द्यायचा होता, मराठीत, वस्तीसमोर, आणि मला मराठीत फक्त नक्कल येत होती. मी उत्तर पुढच्या महिन्यावर टाकलं, मग सुट्टीवर, मग बारावीवर. दरवर्षी जयंतीच्या आधी बाबा पहिल्या बाजूला गाणं भरायचे, आई आता आपलं बोलणं त्याच बाजूला शेवटी उरकायची, आणि दुसरी बाजू माझ्यासाठी ठेवलेली असायची. बाबा कधी आठवण करून द्यायचे नाहीत. मोठेबाबा मात्र प्रत्येक कॅसेटच्या शेवटी म्हणायचे, "सवाल बाकी हाये." मी आतल्या खोलीत दार लावून गिटार बडवत बसायचे. तेच उत्तरेवाल्यांचं गाणं, तेच चार कॉर्ड, चौथ्यावर दरवेळी बोट घसरायचं. इतकी वर्षं इतकं वाईट वाजवायला सुद्धा एक चिकाटी लागते. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मी गिटार शेरलच्या भावाला देऊन टाकली. पुढे कॅसेटा संपल्या, फोन आले, बाबा निवृत्त न होता इथेच गेले, आणि सवालाची गोष्ट मी कोणालाही सांगितली नाही, नवऱ्यालासुद्धा नाही.

गेल्या थंडीत मोठेबाबा गेले. विशाखाताईने घर आवरलं आणि लीव्हवरून परतणाऱ्या एका मुलाबरोबर मला एक पिशवी पाठवली. रीत अजून मोडलेली नाही. आत बाबांच्या सगळ्या कॅसेटा, प्रत्येकीवर तेच वळणदार अक्षर. बाबांचा टेप मी टाकून दिला नव्हता. तुबलीच्या ज्या गल्लीत बाबांचं वर्कशॉप होतं तिथे आता मोबाईल दुरुस्त करतात, पण एका म्हाताऱ्या मल्याळी मेकॅनिकने टेपचा पट्टा बदलून दिला. आई माझ्याकडेच असते, तिला आता कमी ऐकू येतं. शुक्रवारी सकाळी मी तिला शेजारी बसवलं, एसी बंद केला, आणि बाबांची गाणी ऐकली. मग माझा कोरेपणा माझ्याच कानांनी ऐकावा असा काहीसा विचार करून, सवालानंतरच्या वर्षांतली एक कॅसेट उलटवली.

ती कोरी नव्हती. आधी खोलीची घरघर, भांड्याचा आवाज, खालच्या भट्टीवर कोणीतरी ओरडलेलं. आणि मग, बंद दारामागून येणारी, लांबची, बेसूर गिटार. उत्तरेवाल्यांचं ते भिकार गाणं. चौथ्या कॉर्डवर बोट घसरलं. मी दुसरी कॅसेट लावली, मग तिसरी. सवालानंतरच्या, गिटार होती तोवरच्या सगळ्यांच्या दुसऱ्या बाजूला मीच होते, दरवर्षीची, तितकीच वाईट. आणि नीट कान दिल्यावर गिटारच्या खाली आणखी काहीतरी होतं, अगदी हळू, दाराच्या अलीकडून. फाटक्या भात्याची पेटी, माझा सूर शोधत, तो घसरला की थांबत आणि पुन्हा धरत.

"हे काय आहे?" मी आईला मोठ्याने विचारलं. मराठीत.

"तुले माहीत नव्हतं?" आई म्हणाली. "टेप घेऊन तुया दरवाज्यापाशी बसे न तुहा बाबा. मले म्हने, भांडी हळू घास."

मी शेवटपर्यंत ऐकलं. फीत संपता संपता गिटार थांबली, पेटीही थांबली, आणि बाबांनी तोंड टेपच्या अगदी जवळ आणलं असावं, कारण त्यांचा आवाज कुजबुजता आणि फार जवळून आला:

"दादा, हरली नाही आपली पोरगी. जवाब तयार होऊन राह्यला. थोडा वेळ लागंल."